माळ घातलेल्या आत्यासाठी आपा

आमच्या म्हापशात एखादा माणूस शाकाहारी आहे की नाही, हे वार विचारल्याशिवाय सांगता येत नाही. सोमवारी शिवराक. मंगळवारी सकाळी तोच माणूस बांगड्याच्या वाट्यावर कोळणीशी हुज्जत घालताना दिसेल. गुरुवारी पुन्हा शिवराक. शिवाय श्रावण, चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, घरच्या देवाची जत्रा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हा सरकारही थोडंफार आपल्या बाजूला असतं. हा हिशेब बाहेरच्या माणसाला गमतीचा वाटतो, पण त्याचा एक परिणाम स्वयंपाकघरात झालेला आहे. इथलं शिवराक जेवण शिजवणारी बाई बहुतेक वेळा मासे खाणारी असते आणि पानावर बसणारेही मासे खाणारेच. पानात काय नाही ते सगळ्यांना नेमकं ठाऊक असतं. म्हणून बांगड्याच्या हुमणातलं तिरफळ भाज्यांच्या खतखत्यात येतं, कोंबडीच्या शागोतीचं वाटण पावसाळ्यात अळम्यांना, म्हणजे रानातल्या अळंब्यांना, लागतं, आणि सोमवारच्या जेवणाला कुणी नाक मुरडत नाही. जीभ तीच, नारळ तोच, कढईत पडणारा ऐवज तेवढा वेगळा.

ही सोय नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, कढीपुरती ठीक आहे. आप्याचं काय करायचं, हा प्रश्न आत्यामुळे आला.

आपा म्हणजे आपा दे कामारांव, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतला सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, भाजलेला पदार्थ. तांदूळ आणि ओलं खोबरं वाटून, सूर, म्हणजे माडाची ताडी, घालून आंबवलेलं, अंडी फेटून हलकं केलेलं किंचित गोड पीठ. त्याचा एक थर खाली, एक वर, आणि मध्ये विनागरात वाटलेल्या लाल मसाल्यात परतलेली सुंगटं. बालशांव या सुंगटांच्या आंबट-तिखट लोणच्याशी या मसाल्याचं जवळचं नातं. वरून तो केकसारखा निरुपद्रवी दिसतो, सुरी घातली की आतली लाली बाहेर येते. गोड, आंबट, तिखट आणि समुद्राचा खारा वास हे चारही एका घासात येतात, आणि मला तरी त्यापुढे बेबिंक हे थरांचं पक्वान्नही फिकं वाटतं. (हे वाक्य म्हापशात मोठ्याने म्हणायची माझी हिंमत नाही.)

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आंटीच्या हातचा आपा आम्ही लहानपणापासून खात आलो. नाताळात नेवऱ्या, दोदोल, बेबिंक यांचं ताट येतं, ते सगळ्या आळीत फिरतं. आपा वेगळा येतो, गरम, फडक्यात बांधलेला. दुसऱ्यांदा येतो तो म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीसच्या फेस्ताला, म्हणजे सणाला. मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं इथे हिंदू-ख्रिस्ती सगळेच मानतात, आणि तिच्या फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्यांत आमचेही लोक असतात. पंचाईत एकच. ईस्टर होऊन दोन आठवडे उलटल्यावर हे फेस्त येतं ते नेमकं सोमवारी. आंटी सोमवारी दुपारी आपा पाठवते, आई तो हसून घेते, आणि आम्ही तो मंगळवारी खातो. आंटीला हे माहीत आहे. तरी सोमवारीच पाठवते. फेस्ताचं फेस्तादिवशी गेलं पाहिजे, असं तिचं म्हणणं, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही.

आत्यानं माळ घातली आणि तिच्यापुरते मंगळवार संपले. आषाढीला पंढरपूर जमलं नाही तर ती साखळीजवळच्या विठ्ठलापूरला जाते, वाळवंटीच्या काठावरच्या देवळात. हरिपाठ चुकत नाही. मासळी सुटली त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. इसवण, तिसऱ्या, मोरीचं मटण, ही नावं आता ती सोडलेल्या गावांची घ्यावीत तशी घेते, कोरडेपणानं. पण परवाच्या नाताळात आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा भिंतीपलीकडून मसाला परतल्याचा वास आला आणि ती जपमाळ हातात ठेवूनच म्हणाली, “सुंगटं नको मला. आपा हवा होता.”

या वाक्यात तिनं दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. मला तोवर त्या एकच वाटत.

बसून यादी केली तर सुंगटं हा अडचणीचा एक चतुर्थांश भागच निघाला. अंडी गेली. सूर गेली, कारण माळेला दारू चालत नाही, मग ती पिठात जिरलेली का असेना. मसाल्याला खोली देणारा गालमो, म्हणजे सुकवलेला बारीक जवळा, तोही गेला. राहता राहिलं विनागर. आमच्याकडचं विनागर माडाच्या सुरेचंच असतं. त्यावर घरात चांगला वाद झाला. निवाडा आत्यानेच दिला. “आंबली ती सूर कसली? उसाचीही दारू होते, म्हणून गूळ सोडायचा का?” कुठल्या ग्रंथात हे बसतं ते मी विचारलं नाही. तिचा देव, तिची माळ, तिची जीभ.

मांस काढून घेतलेले भाजके पदार्थ जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच दुःखी आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मांसावर रेशन आलं, तेव्हा अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाने एक ‘वूल्टन पाय’ निघाला. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे मुख्य आचारी फ्रान्सिस लात्री यांनी तो बसवला. बटाटे, गाजरं, फ्लॉवर, सलगमाच्या जातीचा एक कंद, थोडं ओट्स, वर पिठाचं किंवा बटाट्याचं झाकण. १९४१ मध्ये त्याची कृती वर्तमानपत्रांत छापून आली. पौष्टिक होता, खाल्लाही गेला, पण प्रेम कुणी केलं नाही. १९५४ मध्ये मांसाचं रेशन उठलं तोवर त्याची थट्टाच जास्त झाली होती. एवढा मोठा आचारी असून असं का व्हावं? मला वाटतं, मांस काढल्यावर पडलेला खड्डा त्यात भाज्यांनी भरला होता. पोट भरण्याचं काम भाज्यांनी केलं. मांसाची बाकीची कामं कुणी केलीच नाहीत.

याच्या उलट टोकाला सोयाचे तुकडे. सुंगटासारखे वळलेले, गुलाबी रंग लावलेले, गोठवलेल्या पाकिटात मिळणारे ‘व्हेज प्रॉन्स’ आमच्या सुपरमार्केटात आले आहेत. आत्याला ते दाखवले तर ती म्हणाली, “ह्याला सुंगट म्हणून खायचं असतं तर माळ कशाला घातली?” मी पाकीट परत ठेवलं. सोंग घेतलेली वस्तू व्रत करणाऱ्याला नको असते आणि मासे खाणाऱ्याला फसवू शकत नाही. मग ती नेमकी कुणासाठी असते, हे मला अजून समजलेलं नाही.

तर सुंगट आप्यात काय काय करतं?

पहिलं, गोडवा. सुंगटाच्या मांसात ग्लायसीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, ते जिभेला गोड लागतं. दुसरं, दातांना लागणारा ताण. तांदळाचं पीठ मऊ असतं, मध्ये काहीतरी किंचित प्रतिकार करणारं हवं. तिसरं, आणि हे अवघड, ती तोंडभर पसरणारी चव. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ती समुद्री शेवाळातल्या ग्लुटामेटमधून वेगळी काढली आणि तिला उमामी म्हटलं. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांना सुकवलेल्या शिताके अळंब्यांतल्या ग्वानिलेटचा असाच गुण सापडला. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की परिणाम बेरजेचा राहत नाही, कित्येक पटींनी वाढतो. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट असतं. म्हणजे टोमॅटो आणि सुकी अळंबी यांची गाठ घालून दिली की अर्धं काम झालं. जपानला जायची गरज नाही.

अळंबी म्हटल्यावर गोंयकाराच्या डोळ्यांसमोर आधी रानातली अळमी येतात. पावसाळ्यात रस्त्याकडेला पानांत बांधून, मोजून विकतात, आणि किंमत ऐकून घेणाऱ्याचा चेहरा पडतो. तरी घेतोच. पण ती नाताळात मिळत नाहीत, आणि मिळाली असती तरी मी या कामाला वापरली नसती. ही अळमी वाळवीच्या वारुळातून उगवतात. वाळवी आत बुरशीची शेती करते आणि पावसात त्या शेतीला ही छत्री फुटते. माणसाला ती शेती अजून नीट जमलेली नाही. छत्री उमलायच्या आधीच उपटली तर बीजाणू पसरत नाहीत. ज्या वारुळाला आपण सातेरी देवी म्हणून हळदकुंकू वाहतो, त्याच्याच पोटावर पाय देऊन टोपली भरायची, हे जरा जास्तच होतं. मी बाजारातली धिंगरी आणली, फाडून गच्चीवर उन्हात टाकली. डिसेंबरचं ऊन कोरडं असतं. चिवट झाली की कोमट पाण्यात भिजवायची, आणि ते पाणी फेकायचं नाही.

राहिला गालमो. गालमोचा वास शेजाऱ्यांना उठवणारा असतो, पण कांद्याबरोबर तेलात पडून विरघळला की मसाल्याला तळ येतो. त्याला पर्याय सुचेना. आणि मग फडताळातली चिनी मातीची बरणी आठवली.

मे महिन्यात आमच्याकडे पुरुमेंत होतं, पावसाळ्याची बेगमी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. सोलं, मिरच्या, सुकी मासळी, चिंच, कांद्यांच्या माळा. आंटी गालमो भरते, आई कच्च्या फणसाचे गरे मिठात घालते. कच्चे गरे, जाड मीठ, बरणी, वर दगड. महिन्या-दोन महिन्यांनी बरणी उघडली की एक आंबूस, खारट, जरासा दर्प येणारा वास येतो. पावसाळ्यात भाजी नसली की ते धुवून, खोबरं घालून खातात. सात महिने मुरलेले गरे मात्र काही वेगळेच असतात. रंग मळकट पिवळा, बोटानं दाबले तर आधी चेपतात, मग हळूच परत वर येतात.

ते रात्रभर पाण्यात ठेवले, पाणी दोनदा बदललं. मग दोन वाटण्या केल्या. थोडे गरे अगदी बारीक, जवळ्याएवढे, चिरले आणि खोबरेल तेलात मंद आचेवर टाकले. आधी ते नुसते पाणी सोडत राहतात. चुरचुर आवाज येतो, तेल फेसाळतं, आणि वाटतं की हे असंच शिजून लगदा होणार. मग पाणी संपतं, आवाज बदलून कोरडा, तडतडता होतो, आणि कडा तांबूस व्हायला लागतात. त्या क्षणी मिठात मुरलेल्या फणसाचा दर्प जाऊन भाजक्या, खमंग, खारट अशा एका वासाला जागा देतो. आई अंगणात होती, तिनं तिथूनच विचारलं, “आज एकादशी ना रे? जवळा कोण भाजतंय?” एकादशी नव्हती, जवळाही नव्हता. त्यानंतर मला कुठल्याही प्रमाणपत्राची गरज वाटली नाही. बाकीचे गरे लांबट फाडले, दातांसाठी.

पुढचं सरळ होतं. कांदा, भरपूर. चातुर्मास संपलेला, त्यामुळे लसूणही चालला. काणकोणच्या खोल्याची मिरची, जिरं, मिरी, हळद, दालचिनी, लवंग, आलं, सगळं विनागरात वाटून परतलं. टोमॅटो आटेपर्यंत हलवलं, धिंगरी आणि तिचं पाणी घातलं, मग गरे. मीठ घालायचंच नाही, गऱ्यांत आहे तेवढं पुष्कळ. शेवटी गूळ, सुंगटाच्या गोडव्याच्या नावानं. सारण कोरडं व्हायला हवं, कढईच्या तळाशी फक्त लाल तेल दिसेपर्यंत. ओलं राहिलं तर खालचा थर चिकट होतो.

पिठाची गोष्ट मला मसाल्याहून जास्त रंजक वाटते. सुरेत रानटी यीस्ट असतं. रेंदेराने माडावरून उतरवल्यापासून ती आंबत असते, म्हणून सान्नां, म्हणजे इडलीसारखे वाफवलेले गोळे, फुगतात, आपा फुगतो. हल्ली रेंदेर कमी झाले, आंटीसुद्धा कितीदा पाकिटातलं यीस्टच वापरते. मला मात्र फुगणं आणि अंड्याचं धरून ठेवणं अशी दोन्ही कामं एकाकडून हवी होती, आणि ते काम आपल्याकडे उडीद कधीपासून करतोय. चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद. भिजवून वाटलं की उडदाचा चिकटपणा पिठात जाळं धरतो. मग ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा जिवाणू, जो इडलीच्या पिठात आपला आपणच येतो, वायू सोडायला लागतो आणि तो वायू त्या जाळ्यात अडकतो. अंड्यातलं प्रथिनंही भाजताना असंच काहीतरी करतं. खोबरं तांदळाबरोबरच वाटलं, वर घट्ट नारळाचा रस, चमचाभर साखर. थंडीत पीठ सुस्तावतं, सकाळपर्यंत नुसते चार बुडबुडे होते. दुपारी उन्हात ठेवलं तेव्हा भांड्याच्या काठाला आलं.

मीठ पीठ आंबल्यावर घातलं. आत्या बघत होती, ती म्हणाली, “आंटी आधी घालते.” त्यावरून आठवलं. आमच्याकडे देवाचा भात अळणी शिजतो, मीठ पानात वाढतात. आंटीकडे भात शिजतानाच मीठ पडतं. ही आवडनिवड नाही. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायसभेच्या, फर्मानात बाटलेल्या लोकांनी कोणत्या हिंदू चाली सोडायच्या याची लांबलचक यादी होती, आणि बिनमिठाचा भात शिजवायचा नाही हेही तीत होतं. संशोधक अ. का. प्रियोळकरांनी ती यादी आपल्या पुस्तकात दिली आहे. इन्क्विझिशन १८१२ मध्ये संपलं. मीठ राहिलं, भिंतीच्या दोन्ही बाजूंना, आपापल्या वेळेला. मी हे आत्याला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कळलं. पण पीठ ढवळ आता, खाली बसतंय.”

डब्याला खोबरेल लावून तळाला केळीचं पान घातलं. निम्मं पीठ ओतून १८० अंशांवर पंधरा मिनिटं भाजलं, नाहीतर सारण बुडून तळाशी जातं. मग सारण, कडेला बोटभर जागा सोडून, मग उरलेलं पीठ. पूर्वी हे वर-खाली निखारे ठेवून करत, तेव्हा वरच्या बाजूला डाग पडत आणि ते डागच चांगले लागत. ओव्हनमध्ये ते होत नाही. अंडं नसल्यामुळे रंगही येईना, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत वरून नारळाचा रस फासला. तो ठिकठिकाणी तांबूस झाला, तेवढ्यावर भागवलं. बाहेर काढल्यावर लगेच कापायचा नाही. थर थंड होऊन धरायला अर्धा तास तरी लागतो आणि घरातले लोक तेवढा वेळ देत नाहीत.

आत्यानं पहिला तुकडा सुरीनं उभा धरून सगळ्या बाजूंनी पाहिला. पांढरं, लाल, पांढरं. गऱ्याचा एक लांबट दोरा बाहेर लोंबत होता, तो ओढून आधी खाल्ला. मग घास घेतला. चांगलं म्हणाली नाही. म्हणाली, “तिखट कमी आहे. आंटी मिरी जास्त घालते.” आणि दुसरा तुकडा घेतला. तुलना थेट आंटीच्या आप्याशी होत होती, बिनसुंगटाच्या कुठल्या तरी वेगळ्या खात्यात नाही. मला तेवढंच हवं होतं. आता पीठ आंटीच्या पिठाइतकं मऊ नव्हतं, उडदामुळे ते थोडं इडलीकडे झुकतं. पुढच्या वेळी उडीद कमी करून मूठभर पोहे वाटून घालावेत, असा विचार आहे.

एक तुकडा भिंतीपलीकडे गेला, फडक्यात बांधून. आंटी तो घेऊन थोड्या वेळाने स्वतःच आली. हातात आमचं फडकं, धुतलेलं नाही, म्हणजे घाईत आली होती. “पुता, हातूंत गालमो ना?” मी नाही म्हटलं. “मागीर हें कितें?” मी बरणी दाखवली. तिनं झाकण काढून वास घेतला, एक गरा उचलून तोंडात टाकला, खारट लागला तशी डोळे बारीक करून चघळत राहिली. मग आईला विचारून वाटीभर गरे मागून घेतले.

मिलाग्रीसच्या फेस्ताला यंदा तिचा आपा नेहमीसारखा सोमवारी आला. आम्ही तो मंगळवारी उघडला. गालमो नव्हता. मसाल्यात फणसाचे गरे होते, बारीक चिरून खमंग भाजलेले, आणि त्यांच्यावर नेहमीपेक्षा मोठी सुंगटं.